गणपतीआधीच्या गोळ्या

रिपोर्ट सगळे नॉर्मल होते आणि माझी अडचण तीच होती.

टेबलावर सुरेखाची फाइल उघडी होती. समोर सुरेखा आणि तिच्या शेजारी तिची सासू, पार्वतीबाई. लग्नाला सात वर्षं झाली होती, मूल नव्हतं. मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात नवरा-बायको दोघांच्याही तपासण्या झाल्या होत्या. गर्भनलिका मोकळ्या, गर्भाशय चांगलं, नवऱ्याचा रिपोर्ट चांगला, पाळी नियमित. काही दोष सापडला की डॉक्टरला जरा बरं वाटतं. ऐकायला वाईट वाटेल, पण खरं आहे. निदान धरायला काहीतरी मिळतं.

"सगला बराबर हाय म्हनता, मग पोर का व्हत नाय?" पार्वतीबाईंनी विचारलं.

"तेच बघतेय."

"सात वर्सं सगलीच बघतायत," त्या म्हणाल्या.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी मूळची कोल्हापूरकडची. लग्न होऊन रत्नागिरीत आले आणि बाळंतिणींसाठी छोटंसं नर्सिंग होम काढलं. सासू-सून लांज्याच्या अलीकडच्या एका खेड्यातून एसटीनं आल्या होत्या. नावं अर्थातच बदलली आहेत.

सुरेखाचा नवरा दिनकर मुंबईत गिरणीत फिटर होता, ती गावी सासूजवळ राहायची. गिरणी बंद पडली. तिथेच इकडेतिकडे कामं करून तो थकला आणि शेवटी एका एजंटानं त्याचं मस्कतचं काम जमवलं. करार तीन वर्षांचा. यंदाचे गणपती झाले की तो जाणार होता.

"ते परत येतील तेव्हा मी पस्तिशीला टेकलेली असेन," सुरेखा म्हणाली. सासू फी द्यायला बाहेर गेली होती तेव्हा ती हे बोलली. "तेव्हा काही होईल का हो?"

"होऊ शकतं," मी म्हटलं. "पण मी तुमच्या जागी असते तर तेवढी वाट बघितली नसती."

म्हणजे प्रश्न सरळ होता. गणपतीत दिनकर येईल तेवढेच दिवस हातात. ते गेले की तीन वर्षं थांबायचं.

आता थोडं पाळीबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पिट्यूटरी. पाळी सुरू झाली की ती बीजकोशाला, म्हणजे ओव्हरीला, निरोप पाठवते. असे रक्तातून जाणारे निरोप म्हणजेच हॉर्मोन. त्या निरोपानं बीजकोशात एक बीज पिकायला लागतं आणि बीजकोश इस्ट्रोजेन नावाचं हॉर्मोन बनवू लागतो. त्यानं गर्भाशयाच्या आतलं अस्तर जाड होतं. हे झालं रोपासाठी जमीन तयार करणं. मग महिन्याच्या साधारण मध्यावर पिट्यूटरी एक जोराचा निरोप धाडते आणि पिकलेलं बीज सुटतं. ते जेमतेम एक दिवस जगतं. बीज जिथून सुटलं तिथे आता दुसरं हॉर्मोन तयार होतं, प्रोजेस्टेरॉन. याचं काम राखणदाराचं. अस्तर धरून ठेवायचं, नवीन बीज पिकू द्यायचं नाही, आणि गर्भाशयाच्या तोंडावरचा पातळ स्राव घट्ट करून दार लावून घ्यायचं. गर्भ राहिला तर राखणदार कामावर राहतो. नाही राहिला तर पंधरवड्यात निघून जातो, अस्तर सुटतं आणि पाळी येते.

बायकांना पाळीच्या आधी अंग जड वाटतं, छाती दुखते, उगाच रडू येतं, ते याच दिवसांत. सासवा त्याला नखरे म्हणतात. आणखी एक गोष्ट होते. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉनमुळे अंगाचं तापमान जरासं वाढतं, हाताला न कळण्याइतकं. रोज सकाळी उठायच्या आधी जिभेखाली थर्मामीटर धरला की ते दिसतं. त्या काळी आमच्याकडे सोनोग्राफी नव्हती. बीज सुटतं की नाही हे बघायला हा स्वस्त आणि चांगला उपाय होता.

मी सुरेखाला थर्मामीटर दिला आणि दोन महिन्यांनी, श्रावणात परत यायला सांगितलं.

त्या आल्या. दोन्ही महिने तापमान अगदी शिकवल्यासारखं वेळेवर चढलं होतं आणि पाळीच्या वेळी उतरलं होतं. बीज सुटत होतं. माझं डोकं चालेना.

"रोज सकाली ताप बघते," पार्वतीबाईंची तक्रार होती. "ताप तर नाय काय नाय. शेजारीन इचारते, सुनेला काय झला?"

"कसल्या गोळ्या, औषधं चालू आहेत का?" मी सुरेखाला पुन्हा विचारलं. पहिल्या भेटीतही विचारलं होतं.

"नाही."

"कधी घेतली होती?"

"नाही. मला कधी डोकंसुद्धा दुखत नाही."

आता पार्वतीबाईंना सुनेची बाजू घ्यावीशी वाटली असावी. त्या म्हणाल्या, "माजी सून निरोगी हाय वो. नि सोवल्याला पक्की. सात वर्सांत एकदा पन गनपतीत भायेर बसली नाय. शिमग्याला देवाची पालखी घरात येते, तवा पन नाय. देव सांभालतो तिला."

बाहेर बसणं म्हणजे पाळीमुळे स्वयंपाकघर आणि देवापासून दूर राहणं. त्यांनी हे कौतुकानं सांगितलं आणि मी पेन खाली ठेवलं. ज्या बाईला दर महिन्याला नेमानं पाळी येते, तिला सात वर्षांत एकाही सणाला येऊ नये? देवाला रत्नागिरी जिल्ह्यात इतका मोकळा वेळ असेल असं मला वाटेना.

"एकदाही नाही?"

"नाय."

सुरेखा पदराशी चाळा करत होती.

"सुरेखा, पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेता का?"

"त्या होय," ती म्हणाली. "त्या घेते. पण तुम्ही औषधाचं विचारलंत. त्या काय दुखण्यासाठी थोड्याच आहेत? त्या देवासाठी."

मला हसू आलं आणि रागही आला. राग कुणावर काढायचा हे मात्र कळेना. तिनं प्रश्नाचं अगदी प्रामाणिक उत्तर दिलं होतं.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. गोळ्या पार्वतीबाईच लांज्याच्या औषधाच्या दुकानातून आणत. चिठ्ठी कोण मागतो. घरात बायका दोघीच. पार्वतीबाईंची बोटं सांधेदुखीनं वाकडी झालेली, त्यामुळे नैवेद्याचं सगळं सुरेखावर. ती बाहेर बसली तर गणपती उपाशी. म्हणून धोका नको.

"सुरुवात कधी करता?"

"दिनकरचा पत्र आला का लगेच," पार्वतीबाई म्हणाल्या. "तो यायच्या आधी आठवडाभर. तो गेला का बंद. मंग दोन-तीन दिवसांनी येते तिला, बराबर."

"पाळी त्या दिवसांत येणार असो वा नसो?"

"इसाब कोन करतो? घ्यायच्या नि मोकला व्हायचा."

"दिनकर वर्षातून कितीदा येतो?"

"गनपतीला, शिमग्याला, नि मे म्हयन्यात. मे म्हयन्यात सत्यनारायन असतो आमच्याकडे."

मी खुर्चीला टेकून बसले. सगळी तपासणी आम्ही चुकीच्या दिवसांत करत होतो. नवरा मुंबईत असतो तेव्हा सुरेखाचं शरीर घड्याळासारखं चालायचं. नवरा गावी यायचा तो सणाला. सण म्हणजे सोवळं, सोवळं म्हणजे गोळ्या. त्या गोळ्यांत असतं काय? नकली प्रोजेस्टेरॉन. नकली राखणदार. महिन्याच्या सुरुवातीला गोळ्या सुरू केल्या तर शरीराला वाटतं बीज सुटून गेलंय, आणि ते बीज पिकवतच नाही. उशिरा सुरू केल्या तर बीज आधीच सुटून मेलेलं असतं, आणि नवीन पाळी, नवीन बीज अडून बसतं. कसंही करून दिनकर घरात असताना दार बंद. तो एसटीत बसला की दार उघडायचं.

प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला चित्र काढून मी हे दोघींना समजावलं. सुरेखाला पटकन कळलं. तिनं एक हात तोंडावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं तो कागद जवळ ओढला. सात वर्षं लोकांनी तिला काय काय ऐकवलं असेल!

पार्वतीबाईंना वेळ लागला. "म्हंजे आमी देवासाठी केलाव, नि देवानंच अडवलान म्हनता?"

"देवानं नाही, गोळीनं अडवलं."

"गोली मीच दिली ना."

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. दुकानदारानं सांगायला हवं होतं. यंदा गोळ्या नकोत, एवढंच."

"मंग नैवेद्य कोन करनार?"

"ते मला माहीत नाही. मी फक्त सुरेखाच्या पोटाचं सांगू शकते."

"तिला नेमकी गनपतीतच आली तर? देवाचा काय?"

खोटं कशाला बोला, थर्मामीटरच्या हिशोबानं पाळी नेमकी गणपतीच्या आसपासच येणार होती. मी तसं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हातारी कजाग नव्हती. तिला नातवंड हवं होतं आणि देवही दुखवायचा नव्हता, आणि दोन्ही एकाच आठवड्यात येऊन बसलं होतं.

"देवाला इचारते," शेवटी त्या उठल्या. "कौल लावते. देव सांगल तसा."

कौल म्हणजे गावदेवाला विचारायची पद्धत. गुरव देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आठ वर्षं मेडिकल शिकून माझी ट्रीटमेंट आता एका पाकळीवर आली होती. त्या आठवड्यात माझी चिडचिड इतकी वाढली, की नर्सिंग होममधली सिस्टर मला चहा देऊन लगेच बाहेर पळायची.

पुढच्या बाजाराच्या दिवशी पार्वतीबाई एकट्याच आल्या.

"डावा दिलान," त्या म्हणाल्या.

मी डोक्याला हात लावला. "म्हणजे देव नाही म्हणाला."

"व्हय. मी इचारला, 'सुनेनं गोल्या खाऊन तुजा नैवेद्य करावा काय?' डावा पडला. नको म्हनाला."

दोन क्षण मला समजलंच नाही. मग मी हसले, त्या मात्र हसल्या नाहीत.

"आणि उजवा पडला असता तर?"

"तर परत इचारला असता. देव काय एकदाच बोलतो?"

वकील झाल्या असत्या तर या बाईनं जिल्हा कोर्ट गाजवलं असतं.

गणपती आले. आदल्याच दिवशी सुरेखाला पाळी आली आणि ती पडवीत बसली. सहा दिवसांनी दिनकर माझ्यासमोर होता. उंच, शांत माणूस. मुंबईत राहून भाषा बदललेली. आईनं पाठवलंय म्हणून सांगितलं. त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर फोड होते.

"हे काय?"

"उकड काढली, मॅडम. मोदक मी केले."

"तुम्ही?"

"आई बाजूला बसून सांगत होती. मोदकाचं तोंड मिटेना. मग सगळ्यांच्या करंज्या केल्या. गणपतीनं काय तक्रार केली नाही."

मला तो माणूस तिथेच आवडला.

"गावाला कधीपर्यंत आहात?"

"उद्या निघतो. एजंटानं बोलावलंय, मेडिकल करायचं, सह्या करायच्या."

"निघू नका."

"मॅडम?"

"अनंत चतुर्दशीपर्यंत थांबा, आणि नंतरही पाच-सहा दिवस. आता निघालात तर याही वेळी फेरी फुकट. सुरेखाचं बीज त्या सुमारास सुटेल."

"एजंट थांबणार नाही. जागा दुसऱ्याला देईल."

"बीजही थांबत नाही. ते एक दिवस जगतं. एजंट बरीच वर्षं जगेल."

त्यानं विचारलं, "नक्की होईल का?"

"नक्की काहीच नसतं. सगळं जुळलं तरी दर महिन्याला गर्भ राहतोच असं नाही. आंब्याचा सगळा मोहोर धरतो का? पण झाड तर मोहरायला हवं ना."

तो उठला. पोस्टात जाऊन एजंटाला तार करतो म्हणाला. दारातून मागे वळून त्यानं विचारलं, "आईला काय कारण सांगू?"

"आईनंच तुम्हाला इथे पाठवलंय," मी म्हटलं. त्याचे कान लाल झाले.

दिनकर थांबला. आणि महिनाअखेरीस सुरेखाला पाळी आली.

ती हे सांगायला आली तेव्हा एकटी होती. रडली नाही. "मस्कतची जागा गेली," ती म्हणाली. "एजंटानं दुसऱ्याला दिली. माझ्यापायी."

नक्की काही नसतं हे मी सांगितलं होतं, पण आशेवर असलेल्या माणसाला त्यातली फक्त आशा ऐकू येते. ती गेल्यावर मी बराच वेळ पुढच्या पेशंटला आत बोलावलं नाही. वाटलं, माझ्या चित्राच्या नादात एका घराची भाकरी गेली. घरी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, की मी डॉक्टर आहे तेवढंच असावं, लोकांची तिकिटं रद्द करू नयेत.

पण इथे एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. पार्वतीबाईंच्या आली होती. त्या दिवाळीआधी गुडघ्यांचं औषध न्यायला आल्या, तेव्हा मी चाचरत दिनकरचा विषय काढला.

"बरा झाला ना वो, नाय गेला ता," त्या म्हणाल्या. "आता तो घरातच हाय. सन नाय, वार नाय, गोल्या नाय. यकदा पेरला नि नाय उगवला, तर कोन शेत टाकून जातो काय?"

दिनकर रिकामा बसणाऱ्यातला नव्हता. गिरणीतला फिटर, त्याला यंत्र कळायचं. रत्नागिरीच्या जेटीवर मच्छीमारांच्या लाँचींची इंजिनं बंद पडलेली असायची, आणि ती दुरुस्त करणारी माणसं मोजकीच. एकानं बोलावलं, मग दुसऱ्यानं. सकाळच्या एसटीनं यायचा, संध्याकाळच्या एसटीनं घरी जायचा. अंगाला डिझेल आणि मासळीचा वास घेऊन बायकोसमोर रोज हजर. सुरेखाच्या आयुष्यात लग्नानंतर पहिल्यांदाच नवरा साध्या, बिनसणाच्या दिवशी घरात होता.

पौषात ती आली. तारीख उलटून बरेच दिवस झाले होते. थर्मामीटर तिनं सोडला नव्हता. चढलेलं तापमान उतरायलाच तयार नव्हतं. राखणदार कामावर राहिला होता.

लघवीची टेस्ट लॅबकडे पाठवली. रिपोर्ट यायच्या आतच तिला माझ्या बेसिनमध्ये उलटी झाली. तिनं तोंड धुतलं आणि बेसिनच्या काठाला धरून हसायला लागली. मग रडली. मीही थोडी रडले. डॉक्टरनं रडू नये असं शिकवतात, पण शिकवणारे कुणी तिथे नव्हते.

पुढचे महिने नीट गेले. शिमग्याला पालखी घरी आली तेव्हा पाळीची भानगडच नव्हती, आणि सुरेखानं ओटी भरली. पार्वतीबाईंनी मला मुद्दाम निरोप धाडला होता, की यंदा गोळी न खाता सोवळं झालं. मुलगी भाद्रपदात झाली. रात्रंदिवस जागवून नव्हे, सरळ, दुपारी, जेवणाच्या वेळेला. आणि झाली कधी? गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधी.

मुलगी बघून झाल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरात मूल जन्मलं की दहा दिवस सोयर. म्हणजे सगळ्या घराला देवाचं काही करता येत नाही, नुसत्या बाळंतिणीला नव्हे. पार्वतीबाई नाही, दिनकर नाही, वाडीतले भाऊबंदही नाहीत. ज्या घरात एक नैवेद्य चुकू नये म्हणून सात वर्षं गोळ्या चालल्या, त्या घरात यंदा गणपतीच बसणार नव्हता.

मी भीतभीत पार्वतीबाईंकडे गेले. त्या बाकावर बसल्या होत्या, नात मांडीवर होती. वाकड्या बोटांनी तिचं टोपडं सारखं करत होत्या.

"पार्वतीबाई, यंदा गणपतीचं कसं?"

"नाय यंदा. आमाला सोयर हाय," त्या म्हणाल्या. तेवढ्यात व्हरांड्यातून त्यांच्या ओळखीची कुणी बाई चालली होती. तिला हाक मारून त्यांनी, तिनं काही विचारलेलं नसताना, तेच पुन्हा मोठ्यानं सांगितलं. "आमचे गनपती नाय गो यंदा. सोयर हाय आमाला."

माझ्याकडे मूल होत नाही म्हणून येणाऱ्या बाईला मी त्यानंतर नेहमीचे सगळे प्रश्न विचारायचे आणि शेवटी एक जास्तीचा. तुमच्याकडे गणपतीचा नैवेद्य कोण करतं? माझ्याकडे शिकायला येणाऱ्या नव्या डॉक्टर मुलींना याचं हसू यायचं. कोर्समध्ये हा प्रश्न नाही, मला माहीत आहे. पण त्याचं उत्तर "मीच" असं आलं, की मी लॅबचा कागद बाजूला सारायचे आणि सासूबाईंना आत बोलवायचे.